पोटातलं पाणी

दिवाळी होऊन महिना लोटला तरी पाझर तलावाच्या कामावर राहीबाईची पाटी सगळ्यांच्या पुढं असायची. घोडेगावापासून चार मैलांवरच्या त्या वाडीत सलग दुसऱ्या साली पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते, बाजरी वीतभर वाढून करपली होती आणि सरकारनं ओढ्यावर काम काढल्यावर अख्खी वाडी तिथं लोटली होती. पुरुष टिकावानं मुरूम खणायचे, बाया पाट्या भरून बांधावर नेऊन ओतायच्या. पाटी उचलताना राहीबाई कुणाचा हात मागत नसे. गुडघ्यावर टेकवायची, एका हिसक्यात डोक्यावरच्या चुंबळीवर चढवायची आणि मान ताठ ठेवून चढणीला लागायची. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा सहादेव विहिरीचं काम करताना दरड अंगावर येऊन गेला. त्यानंतर तिनं सासू सांभाळली, एकुलती लेक छबू शेवगावकडं दिली, दिराबरोबर रान कसलं. रडताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

पण गेल्या अडीच महिन्यांत अंगात काहीतरी बिघडत चाललं होतं. दंड वाळून काटक्या झाले, गालाची हाडं वर आली आणि पोट मात्र वाढत राहिलं. आधी तिला वाटलं वारा धरला असेल. रेशनवर आलेल्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी वाडीत कुणालाच पचत नव्हती. मग लुगड्याची गाठ पोटाखाली सरकवावी लागली. संध्याकाळी नडगीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. आणि श्रावणापासून ती बाजूला बसली नव्हती. एवढ्याशा वाडीत ही गोष्ट बायांपासून लपत नाही.

दुपारी पाण्याच्या पिंपापाशी बाया टेकल्या होत्या. आक्काबाई टोळीतली सगळ्यात जुनी, बोलायला मोकळी.

"राहीबाय, पाटी आता हलकी भरत जा," ती म्हणाली.

"का गं?"

"का म्हून काय इचारती? आमाला काय डोळं न्हाईत?"

दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला. राहीबाईनं ओंजळीतलं पाणी पिऊन संपवलं, ओला हात मानेवरून फिरवला आणि ती उठून खड्ड्याकडं गेली.

तिसऱ्या खेपेला मुकादमानं तिला चढणीवरच अडवलं. सूर्यभान मुकादम त्याच वाडीतला, चाळिशीचा, उंचापुरा. बांधावर उभा राहून हाक मारली तर ओढ्यापल्याडची गुरं मान वर करायची असा त्याचा आवाज.

"राहीबाय, पाटी ठिवा खाली."

"काय झालं?"

"पोटुशा बाईला मातीकाम द्यायचं न्हाई असा सायबाचा हुकूम हाय. उद्या काय कमीजास्त झालं तर माझी नोकरी जायची."

वर चढणारी आणि खाली उतरणारी, दोन्ही रांगा थांबल्या. खड्ड्यातले टिकाव थांबले.

"मी पोटुशी न्हाई," राहीबाई म्हणाली.

"मंग काय हाय पोटात?"

"ते मला ठावं न्हाई."

खड्ड्यातून कुणीतरी पुरुष फिदकन हसला. सूर्यभानला स्वतःलाही ते बरं वाटलं नसावं, कारण त्यानं नजर दुसरीकडं वळवली. पण शब्द मागं घेतला नाही. राहीबाईनं पाटी खाली ठेवली नाही. त्याच्या बाजूनं वाट काढून ती वर गेली, जिथं माती टाकायची तिथं टाकली, पायानं सारखी केली. मग खाली येऊन रिकामी पाटी त्याच्यापुढं ठेवली.

"उद्या दुसरीला द्या," म्हणाली आणि चुंबळ काखेत मारून घराच्या वाटेला लागली.

ती पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. बनुबाई ओट्यावर सुपात मिलो घेऊन खडे वेचत बसली होती. सत्तरीकडं झुकलेली, बुटकी, तोंडाची फटकळ. वीस वर्षांत सुनेशी गोड बोलल्याचं वाडीत कुणाला आठवत नव्हतं. धाकटा लेक कानिफनाथ खांबाला टेकून उभा होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली.

"आई, तिला म्हनावं माह्यारी जा," तो म्हणाला. राहीबाई समोर असून तो आईशीच बोलत होता. "मला बांधावर तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई."

बनुबाईनं सूप बाजूला सारलं. "राहे, इकडं ये. हितं उजेडात बस."

राहीबाई बसली. म्हातारीनं तिची हनुवटी वर केली.

"एकदाच इचारते. पोर हाय का?"

"न्हाई, आत्याबाई."

"बरं."

"बरं?" कानिफनाथ पुढं आला. "बरं म्हनून भागतं का?"

"मंग काय करू? उकळत्या त्येलात हात घालायला लावू तिला? तू गप ऱ्हा जरा."

तिनं अंगठ्यानं सुनेची खालची पापणी ओढली. आतला पांढरा भाग हळद कालवल्यासारखा दिसत होता. मग लुगड्यावरूनच पोटावर हात ठेवला. पोट भरलेल्या पखालीसारखं ताणलेलं. एका अंगाला चापट मारली तर दुसऱ्या अंगाला लाट गेल्यासारखी लागली. बनुबाईला चार लेकरं झाली होती, दोन गेली होती. हाताला पोर लागत नव्हतं. पण हाताचं काय सांगावं, तिला वाटलं. म्हातारा हात.

"तुला कावीळ झाल्ती," ती एकदम म्हणाली. "छबू दोन वर्सांची हुती तवा. डोळं असंच झालं हुतं."

"ती उतरली की. माळ घातली हुती."

देवगडच्या रस्त्यावरचा एक जाणता काविळीची माळ घालायचा. माळ डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून पोटापर्यंत लांबत आली, तसं सगळ्यांनी कावीळ उतरली असं धरलं. पाचव्या दिवशी बनुबाईनंच सुनेच्या हातात विळा दिला होता. बाजरी उभी होती, माणूस मिळत नव्हतं. ते म्हातारीला आठवलं.

"उद्या सकाळी नगरला जायचं," शेवटी ती म्हणाली.

"आन तितं निघालं तर?" कानिफनाथनं विचारलं.

म्हातारीनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "निघालं तर निघालं."

सकाळी दोघी घोडेगावच्या वाटेला लागल्या. चार मैल राहीबाई तीनदा बसली. बाजाराचा दिवस होता. रस्त्यानं माणसं जनावरं हाकत चालली होती, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आणि बाजारातून परतणारी माणसं नुसता कासरा खांद्यावर टाकून येत होती. फाट्यावर एसटी मिळाली. गाडीत बनुबाईनं सुनेला खिडकीशी बसवलं आणि स्वतः दांडीला धरून उभी राहिली. कुणी जागा देऊ केली तरी बसली नाही. बसलं तर पाय आखडतात म्हणाली.

नगरच्या दवाखान्यात रांग होती. रेबेका नावाची नर्स नावं लिहून घेत होती. चाळिशीची, काळीसावळी, नेवाशाकडच्याच खेड्यातली. वाडीचं नाव ऐकताच म्हणाली, "म्हणजे ओढ्यावरची वाडी. तिथं माझी मावशी दिलेली होती." राहीबाईला त्यानं थोडं बरं वाटलं. डॉक्टर वयस्क होते, चष्म्यावरून बघायचे. त्यांनी डोळे पाहिले, तळहात पाहिले. राहीबाईचे तळहात मेंदी काढल्यासारखे लाल झाले होते, तिनं ते मातीकामाचे समजले होते.

"दारू घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

राहीबाईनं मान खाली घातली. काल पोर, आज दारू. बनुबाई मात्र टेबलापर्यंत गेली.

"डागदर, आमच्या घरात थेंब न्हाई. हिच्या नवऱ्यानंबी कधी शिवली न्हाई. असं इचारता?"

"विचारावं लागतं, आजी. हे दुखणं पुष्कळांना दारूनं होतं. दारू न घेताही होतं. कधी कावीळ झाली होती?"

"बारा वर्सं झाली," राहीबाई म्हणाली.

"झोपा तिथं."

पडदा ओढायच्या आधी बनुबाईनं डॉक्टरांचा हात धरला. आवाज खाली करायची तिला सवयच नव्हती, त्यामुळं बाहेरच्या रांगेनंही ऐकलं.

"पोर निघालं तरी सांगा, दुसरं काय निघालं तरी सांगा. घरी न्यायची ती मीच नेनार हाय."

पडद्याआड राहीबाई लोखंडी टेबलावर पडली होती. वीस वर्षांत सासूनं तिला असं काही म्हटलं नव्हतं. तिनं डोळे मिटले तरी कानाशी ओघळ आलाच.

डॉक्टर पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्यानं ठोकत होते. मध्यावर पोकळ आवाज यायचा, बाजूला भरीव. मग त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि पुन्हा ठोकलं. आवाजाची जागा बदलली होती.

"या, आजी, इकडं या," त्यांनी बनुबाईला आत घेतलं. "कूस बदलली की हे सरकतं. मूल असं जागा सोडत नाही. हे मूल नाही, पाणी आहे."

बनुबाई टेबलाच्या पायाशी खाली फरशीवर बसली.

"पानी," ती म्हणाली. आणखी एकदा म्हणाली, "पानी. अख्ख्या मुलखातल्या इहिरी आटल्या आन हिच्या पोटात पानी."

दुसऱ्या दिवशी पाणी काढलं. राहीबाईला उशांवर रेलून बसवलं होतं. रेबेकानं बेंबीखाली औषध टोचून जागा बधिर केली, डॉक्टरांनी जाड सुई घातली आणि रबराच्या नळीतून बादलीत धार सुरू झाली. पाणी पिवळट होतं, गव्हाच्या काडासारखं. राहीबाई त्या धारेकडं बघत राहिली. तिच्या मनात भीतीपेक्षा आश्चर्य जास्त होतं. एवढं सगळं ती अंगावर घेऊन रोज बांध चढत होती. बादली पाऊण भरली तेव्हा डॉक्टरांनी सुई काढली, रेबेकानं पोटाला घट्ट पट्टा आवळला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला.

"आलं कुठून हे?" तिनं विचारलं.

रेबेका खाटेच्या कडेवर बसली. "बकऱ्याची कलेजी बघितलीय ना? मऊ, गुळगुळीत. तशीच आपली असते, इथं, उजव्या बरगडीखाली. तुमची कावीळ वरून गेली, आत राहिली. शेणकुटाचा विस्तव राखेखाली धुमसत राहतो तशी. बारा वर्षांत कलेजी घट्टे पडून आक्रसून गेली. पोटातलं रक्त तिच्यातून पुढं जातं. आता ती वाट देईना. ओढा बुजला की पाणी कुठं जातं?"

"बाजूच्या रानात झिरपतं."

"तसं हे पोटात झिरपलं."

"मंग ओढा मोकळा करा की."

रेबेकानं चादरीची घडी सारखी केली. "तेवढं नाही करता येत. कलेजी एकदा अशी झाली की परत मऊ होत नाही. उरलेली जपायची. मीठ बंद. मीठ पाणी धरून ठेवतं. लघवीच्या गोळ्या वेळेवर. डोक्यावर ओझं नाही. कुणी पाला दिला, काढा दिला, तर घ्यायचा नाही. दूध, अंडं, डाळ मिळेल तेवढं खायचं. शी काळी झाली, उलटीत रक्त आलं किंवा बोलण्यात भ्रम झाला, तर एक दिवसही थांबायचं नाही."

"दूध," राहीबाई म्हणाली आणि हसली. रेबेकाही हसली. वाडीत दूध कुठून येणार हे तिलाही माहीत होतं.

डॉक्टर फेरीला आले तेव्हा राहीबाईनंच विचारलं, "किती दिस हायेत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "दोन वर्षं, चार वर्षं. नीट राहिलात तर अधिकही. पाणी परत भरेल, तेव्हा परत या. तुम्हाला खोटं सांगावंसं वाटत नाही."

"खोटं न्हाई सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. "छबूचं पहिलं बाळंतपन हुईल मंग माझ्या हातनं."

पुढं तिला साडेतीन वर्षं मिळाली. पण तेव्हा ते कुणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी बनुबाईनं रेबेकाला व्हरांड्यात गाठलं. इकडंतिकडं पाहिलं आणि या वेळी आवाज खरंच खाली केला. "बाय, ती काविळीत हुती तवा मी तिला बाजरी काढायला नेली. पाचव्या दिशी. त्यानं झालं का हे?"

रेबेकानं हातातली वही मिटली. "आजी, कावीळ कुणाची पुरती जाते, कुणाची आत राहते. का राहते ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. विसावा मिळाला असता तर बरंच होतं. पण तुमच्यामुळं झालं असं मी म्हणणार नाही."

बनुबाईनं मान हलवली. त्या संध्याकाळी राहीबाईची अळणी डाळभाकरी आली, तेव्हा म्हातारीनं स्वतःच्या ताटातलं मीठ बोटानं काढून बाहेर झटकलं. सून नको म्हणाली तर म्हणाली, "माझं मला कळतं."

आठव्या दिवशी दोघी परतल्या. कानिफनाथ दारातच होता. वहिनीचं पोट उतरलेलं पाहून तो बाजूला झाला. बनुबाईच्या कमरेच्या पिशवीत दवाखान्याचा कागद होता.

"उद्या गुरुजींना चावडीवर बसवते," ती ओट्यावर पाय ठेवायच्या आत म्हणाली. "मोठ्यानं वाचून घेते. त्या सूर्यभानला समोर हुबा करते. आक्कीलाबी."

"आत्याबाई, कागद माझ्याकडं द्या."

"का?"

"मी माझं पोट चावडीवर मांडनार न्हाई."

"अगं, लोकांच्या तोंडाला कुलूप लागंल!"

"त्यांनी इचारलं तवा मी सांगितलं हुतं न्हाई म्हनून. माझ्या तोंडचं ज्याला पटलं न्हाई, त्याला कागदाचं पटून मला काय करायचंय?"

म्हातारी तिच्याकडं बघत राहिली. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण पिशवीतून कागद काढून तिनं तो सुनेच्या हातात दिला, आणि राहीबाईनं तो गोळ्यांच्या पुडीबरोबर देवळीत ठेवला. दुसऱ्या दिवशी कानिफनाथ पहाटेच कुठंतरी गेला आणि तांब्याभर शेळीचं दूध घेऊन आला. चुलीशी ठेवलं. पुढं रोज आणत राहिला, कुणाच्या शेळीचं ते त्यानं सांगितलं नाही.

दोन आठवडे विसावा घेऊन राहीबाई बांधावर गेली. रांगा पुन्हा थबकल्या. ती थेट सूर्यभानपाशी गेली.

"डागदरांनी वझं बंद केलंय. बसून करायचं काम द्या."

सूर्यभाननं तिच्या पोटाकडं पाहिलं आणि पाहिल्याचं लपवायला कपाळावरचा घाम पुसला. "लेकरं सांभाळायला बाई लागती," तो म्हणाला. "लिंबाखाली बसा."

बाया कामावर येताना तान्ही पोरं आणायच्या आणि झोळीत टाकून वरच्यावर धावत यायच्या. पहिल्या दिवशी चारच पोरं राहीबाईकडं आली. बाकीच्यांनी आपापली झोळी लांबच्या बाभळीला बांधली. कुणी म्हणे पाडलं, कुणी म्हणे लागट दुखणं आहे. राहीबाईनं चार तर चार, ती सांभाळली. लिंबाखालची जागा झाडली, खडे वेचले, पाणी शिंपडलं. पोरांचे डोळे धुतले. एकाच्या कानात पू झाला होता, त्याच्या आईला बोलावून दाखवला. आठवडा गेला तशा बाभळीच्या झोळ्या एकेक करून लिंबाकडं सरकल्या. एका सकाळी आक्काबाई नातीला घेऊन आली. पोरगी हातात देताना तिथंच घुटमळली.

"राहीबाय, मी त्या दिशी बोलले ते..."

"हिला टोपडं घालत जा," राहीबाई म्हणाली. "ऊन लई हाय."

आक्काबाईनं पदर डोळ्याला लावला आणि पाटी घेऊन चढणीकडं गेली.

चैत्र सरता सरता पोट पुन्हा भरू लागलं. राहीबाई रोज सकाळी कमरेभोवती एक सुतळी गुंडाळून बघायची, कालच्या गाठीपाशी पोचते का. गोळ्या घेत होती, अळणी खात होती, सासूही अळणी खात होती. तरी पाणी येतच होतं. आता मात्र कुणी काही बोललं नाही. उलट ती उठू लागली की दोघी धावून यायच्या.

दिवसभर जमिनीशी बसून असल्यामुळं तिची नजर माणसांच्या पायांवर असायची. वैशाखात तिच्या लक्षात आलं, सूर्यभान चपलांचे पट्टे सैल करून घालतो आहे. दुपारनंतर घोट्याचं हाड दिसत नाही, सदरा पोटावर ताणला जातो. पूर्वी एका दमात बांध चढायचा, तो मध्ये थांबतो. तो पोरांचं पाणी बघायला आला आणि पिंपावर हात टेकून वाकला, तेव्हा तिनं तळहात पाहिला. लाल. त्यानं वर बघितलं तेव्हा डोळे पाहिले.

सूर्यभान रोज संध्याकाळी ओढ्यापल्याड हातभट्टीवर जातो हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादम म्हणून कुणी बोलत नव्हतं.

काम सुटून माणसं पांगेपर्यंत राहीबाई थांबली. सूर्यभान एकटाच टिकाव-फावडी पत्र्याच्या खोलीत टाकत होता. ती दारापासून चार हात लांब उभी राहिली.

"मुकादम, नडगी दाबून बघा."

"काय म्हनता?"

"बोटानं दाबा. खड्डा ऱ्हातो का बघा."

तो वाकला नाही. पण त्याचा चेहरा असा झाला की त्यानं आधीच दाबून पाहिलं होतं हे तिला कळलं.

"उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन पाय सुजत्यात," तो म्हणाला.

"डोळ्यांत हळद उतरलीय तुमच्या. माझ्याबी अशीच उतरली हुती."

"मला कावीळ-बिवीळ कधी झाली न्हाई."

"न झाल्यालाबी हुतं. डागदरांनी मला पहिलं काय इचारलं ठावं हाय? दारू पिता का म्हनून. मला ते लई लागलं. पन ते उगं इचारत नव्हते."

फावडं पत्र्यावर आपटलं. "तुमाला काय कळतं? डागदरीन झाला का? जा घरी!"

तो तोच आवाज होता, ओढ्यापल्याड जाणारा. वाटेनं जाणारी माणसं वळून पाहू लागली. राहीबाई जायला निघाली. दोन पावलांवर थांबून तेवढं म्हणाली, "मी शुक्करवारच्या सकाळी नगरला चाललेय. पहिल्या गाडीनं."

वाटेत आक्काबाईनं गाठलं. "का वरडला गं तो तुझ्यावर?"

"कामाचं काय तरी."

घरीही तिनं सांगितलं नाही. सासूला सांगितलं असतं तर अर्ध्या तासात वाडीला कळलं असतं.

शुक्रवारी दोघी फाट्यावर पोचल्या तेव्हा सूर्यभान आधीच उभा होता. काखेत पिशवी, डोक्याला उपरणं घट्ट गुंडाळलेलं. एकटाच. बनुबाई त्याला बघून फुरफुरली. "हा मेला कुठं चाललाय?"

"आत्याबाई, गाडी आली," राहीबाई म्हणाली.

गाडीत तो त्यांच्यामागं चार बाकं सोडून बसला. नगरला उतरल्यावर दहा पावलं मागं राहून चालत आला. दवाखान्यात पडद्याआड डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यानं काय सांगितलं ते राहीबाईला ऐकू आलं नाही. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या वेळी त्याचा आवाज पडद्याबाहेर आलाच नाही.

राहीबाईचं पाणी त्याच दिवशी काढलं. दुसऱ्या दिवशी ती पोटाला पट्टा बांधून खाटेवर बसली होती, तेव्हा रेबेका आली.

"पुरुषांच्या वॉर्डात तुमच्या गावचे एक आहेत. त्यांचंही पाणी काढायचंय. सुई बघून उठून बसतात. एवढे धिप्पाड आणि हातपाय कापतायत. म्हणतात, त्या बाईला बोलवा."

बनुबाई ताडकन उठली. "काही जायचं न्हाई! ह्यानंच तुला चारचौघांत..."

"व्हय. तो चारचौघांत बोलला, आता मी चारचौघांतच जाते," राहीबाई म्हणाली आणि पाय खाली सोडले.

भिंतीला धरत धरत ती व्हरांडा ओलांडून गेली. म्हातारी पुटपुटत मागं. वॉर्डात आठ-दहा खाटा होत्या. रोगी, त्यांना भेटायला आलेली माणसं, सगळे दाराकडं बघू लागले. सूर्यभान उशांवर रेलला होता, सदरा वर केलेला, पोट ताणून चकाकलेलं. पोटावरच्या निळ्या शिरा दिसत होत्या. त्याची नजर सुईच्या तबकावर होती.

"हे तुमचे कोण लागतात?" डॉक्टरांनी राहीबाईला विचारलं. नातेवाइकाशिवाय कुणाला आत उभं राहू देत नसत.

"आमच्या गावचे हायेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि रेबेकाला स्टूल द्यायला सांगितलं.

"लई दुखतं का?" सूर्यभाननं विचारलं.

"पहिल्यांदा काटा मोडल्यावानी. मंग काय न्हाई. हलकं वाटतं. आज भाकरी खाऊ वाटंल तुमाला, बघा."

त्यानं नजर छताकडं वळवली. "बांधावर मी... त्या दिशी सगळ्यांदेखत..."

"आता बोलू नका. पोट आवळतं. ढिलं सोडा."

डॉक्टरांनी सुई उचलली. सूर्यभाननं खाटेची लोखंडी कड धरली, मनगटाच्या शिरा वर आल्या. राहीबाईनं स्टूल पुढं ओढलं आणि त्या मनगटावर आपला हात ठेवला. दाराशी तीन-चार बघे जमले होते. एक जण दुसऱ्याच्या कानाशी लागला. तिनं तिकडं पाहिलं, आणि हात तिथंच राहू दिला. बादलीत धार लागली. ती हळूहळू सांगत होती, मीठ कसं सोडायचं, पहिले चार दिवस जड जातं, दारूचंही तसंच असणार, पण त्याचं तिला ठाऊक नाही, ते त्यानंच बघायचं.

बनुबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. मग ती बघ्यांकडं वळली आणि दोन्ही हातांनी त्यांना मागं लोटू लागली.

"काय बघताय? सरा पल्याड! आत मानूस आजारी हाय, जरा वारा येऊ द्या!"